डाग नसलेली पानं

४ फेब्रुवारी

पत्र आलं. पेपर स्वीकारलाय, पण अट घालून. आमच्याच कृतीनं दुसऱ्या एखाद्या प्रयोगशाळेनं भुकटी करून दाखवावी, तिचा परिणाम तसाच यावा, आणि हे सगळं सहा आठवड्यांत. बाईंनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "होईल." बाई माझ्या मार्गदर्शक. एखादी गोष्ट खरंच होणार असेल तर त्या "बघू" म्हणतात. "होईल" म्हणाल्या तेव्हाच मी मनात दिवस मोजायला लागले.

दोन वर्षं मी एकच गोष्ट करतेय. पेरूची पानं उकळायची, त्या अर्कात जस्ताचा क्षार घालायचा, पिवळट लापशी होईपर्यंत आटवायचं, मग चिनीमातीच्या मुशीत घालून भट्टीत चारशे अंशांवर भाजायचं. उरते ती जस्ताच्या ऑक्साइडची भुकटी, कण इतके बारीक की साध्या सूक्ष्मदर्शकातही दिसायचे नाहीत. जखमा चिघळवणारे जंतू बशीत वाढवायचे, मधोमध भोक पाडून त्यात भुकटीचं पाणी सोडायचं. दुसऱ्या दिवशी भोकाभोवती जेवढं वर्तुळ स्वच्छ राहील तेवढी भुकटी गुणाची. बाटलीतून विकत मिळणाऱ्या भुकटीचं वर्तुळ नऊ मिलिमीटर येतं. माझ्या भुकटीचं एकवीस.

रसायनं कमी, विषारी कचरा नाही, सगळं काम झाडाच्या पानानं करायचं. ऐकायला इतकं गोड आहे की सांगताना माझी मलाच दृष्ट लागेल.

पाठ्यवृत्ती ३१ मार्चला संपते. छापून आलेला एक पेपर असल्याशिवाय प्रबंध स्वीकारत नाहीत. म्हणजे हा गेला तर दोन वर्षं गेली.

७ फेब्रुवारी

दुसऱ्या प्रयोगशाळेला कृती पाठवली. त्यांच्याकडे आवारातच पेरूची झाडं आहेत, त्यामुळे पानं पाठवावी लागली नाहीत.

आमची पानं बाबा आणतात. ते सार्वजनिक बागेत माळी आहेत आणि काचघरामागचा पेरू त्यांच्या मते आता माझा आहे. सुरुवातीला मी त्यांना बजावून सांगितलं होतं, "एकही डाग नको, भोक नको, तांबेरा नको. निरोगी पानंच हवीत." तेव्हापासून दर पंधरवड्याला ओल्या फडक्यानं पुसलेली, एकावर एक रचलेली पानं येतात. "घ्या शास्त्रीणबाई, तुमची भाजी," म्हणतात. बागेत येणाऱ्या प्रत्येकाला ते झाड दाखवतात. परवा एका म्हाताऱ्या जोडप्याला पंधरा मिनिटं सूक्ष्म कण समजावून सांगत होते, तेही सगळं चुकीचं.

आज आई त्यांच्यावर वैतागली होती. सदऱ्याच्या बाह्यांवर निळे शिंतोडे पडलेत आणि धुऊन जात नाहीत. "माळी आहात की रंगारी?" म्हणाली. बाबा नुसते हसले.

१६ फेब्रुवारी

त्यांचं उत्तर आलं. नऊ. तीन वेळा करून पाहिलं, नऊ, नऊ, साडेआठ.

खाली एक ओळ होती: "आपण पेपरात पानाच्या पाठीवर निळसर झाक असल्याचा उल्लेख केला आहे. आमच्या पानांवर तशी झाक नव्हती. भुकटीही करडी न होता पांढरीशुभ्र झाली."

मी जाम चिडले. झाक नव्हती म्हणजे यांनी जून, वाळकी पानं घेतली असणार. आमच्या झाडाची ती खासियत आहे, पानावरच्या मेणाची असावी असं मी पेपरात लिहिलंय. आणि करडा रंग म्हणजे तर आमची ओळख. रंगावरूनच कळायला हवं होतं त्यांना की आपलं काहीतरी चुकतंय. बाईंसमोर मी हे सगळं बोलले. बाई म्हणाल्या, "तू चिडलीस की फार पटेल असं बोलतेस." हे कौतुक होतं की नाही ते मला अजून कळलेलं नाही.

२० फेब्रुवारी

गेले तीन दिवस बाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या आणि मी पहिल्यापासून सगळं केलं. पानं बाबांनी आदल्याच दिवशी आणलेली. नळाखाली धुतली, मग शुद्ध पाण्यानं धुतली, वाळवली, उकळली. भीती दिसू नये म्हणून भराभर बोलत होते.

आज बशी उघडली. एकवीस.

मी चक्क रडले. बाईंनी पट्टी स्वतः लावून पाहिली आणि म्हणाल्या, "म्हणजे तू खोटं बोलत नाहीयेस. मग काहीतरी वेगळं आहे." दोन्हीकडच्या भुकट्या त्यांनी तपासणीला पाठवल्यात. कुठल्या भुकटीत कोणकोणती मूलद्रव्यं आहेत ते यंत्र सांगतं. पाठवा म्हणावं. माझं काय जातंय.

२६ फेब्रुवारी

त्यांच्या भुकटीत जस्त आणि ऑक्सिजन. माझ्या भुकटीत जस्त, ऑक्सिजन आणि तांबं. जवळपास दोन टक्के.

तांबं जंतू मारतं, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. दोन वर्षं पेरूच्या पानानं काही केलेलंच नाही की काय? कागद हातात घेऊन मी जिन्यात बसले होते.

बाईंनी एकच विचारलं. "तांबं आलं कुठून?"

माझं डोकं मुशींकडे गेलं. आमच्या आधी या प्रयोगशाळेत एकजण तांब्यावर काम करायचा, आणि मुशी त्याच. त्या नीट धुतल्या गेल्या नाहीत तर भाजताना तांबं उतरणारच. धुण्याचं काम मामांचं. मामा इथले परिचर, कंत्राटावर आहेत, दर वर्षी १५ मार्चला त्यांचं पुढचं ठरतं. माणूस शांत. पण तंबाखू मळत बाहेर उभे असतात हे मी पाहिलंय. कुठेतरी पाणी मुरतंय ते तिथंच.

जेवताना घरी सांगितलं की भुकटीत तांबं निघालंय आणि सगळं बोंबललंय. बाबांनी घास हातात तसाच धरला.

"तांबं वाईट का?"

"वाईट म्हणजे? ते असलं तर पानाचा गुण कसला? सगळा खेळ खलास."

"थोडंसं असलं तरी?"

"बाबा, दोन टक्के थोडंसं नसतं."

ते पानावरून उठले. पोट जड झालंय म्हणाले. मी म्हटलं ओवा खा.

१ मार्च

मामांना विचारलं. जरा चढ्या आवाजातच, हे कबूल करते.

"ताई, तुमच्या मुशी मी आम्लात भिजत घालतो. रात्रभर. मग तीनदा धुतो. वहीत लिहिलंय बघा."

"लिहिणं सोपं असतं, मामा."

त्यांनी वही उघडून समोर ठेवली. मग म्हणाले, "मला यातलं काही कळत नाही. पण बाहेरून इथं काय काय येतं तेही बघा की. पानं कुठून येतात?"

मी म्हटलं, पानं माझ्या घरून येतात, त्याची काळजी तुम्ही करू नका. हे म्हणतानाचा माझा स्वर आईनं ऐकला असता तर मला धारेवर धरलं असतं.

५ मार्च

आता शहानिशा होईलच. नव्याकोऱ्या मुशी आणल्या. एकूण एक भांडं मी स्वतः धुतलं, मामांना हात लावू दिला नाही.

सकाळी पानांवरून बाबांशी कडाक्याचं वाजलं. काय पानं आणली होती. कुरतडलेली, ठिपके पडलेली, एकावर तर अळीचं घर. "हे काय आणलंत?"

"कोवळी आहेत. नवी फूट आहे."

"पण डाग आहेत त्यांवर."

"आता अशीच मिळतील."

"म्हणजे? दोन वर्षं कशी मिळत होती? ऐन वेळीच का हात आखडता घेताय?"

बाबा पिशवीची घडी घालत राहिले. वय झालंय त्यांचं, झाडाकडे पूर्वीसारखं लक्ष होत नसेल. दुसरी पानं आणायला वेळ नव्हता, हीच वापरली. निवडून निवडून त्यातली त्यात बरी घेतली.

८ मार्च

दहा. भुकटी पांढरीशुभ्र.

म्हणजे मुशी बदलल्या आणि तांबं गेलं. आता संशयाला जागाच उरली नाही. पेपर वाचणार नाही, पण निदान चूक कुणाची ते सिद्ध झालं, आणि ती माझी नाही. मला बरं वाटलं. इथं खोटं लिहून काय उपयोग, मला फार बरं वाटलं.

बाईंनी लेखी मागितलं, दिलं. "भांडी धुण्यातील हयगयीमुळे नमुने दूषित झाले." बाईंनी ते कार्यालयात पाठवलं.

१० मार्च

मामांनी किल्ल्या आणून दिल्या. पंधरा तारखेनंतर येऊ नका, असं त्यांना सांगितलंय. किल्ल्यांच्या जुडग्याला प्रत्येक कपाटाची चिठ्ठी नीट बांधलेली होती. "भट्टीचं दार जरा उचलून लावा ताई, नाहीतर सांधा निखळतो," एवढंच म्हणाले. मला वाटलं होतं भांडतील. भांडले असते तर सोपं गेलं असतं.

घरी सांगितलं. आई म्हणाली, "अगं, मी तुझा डबा द्यायला आले होते तेव्हा सांगत होते, त्यांची मोठी मुलगी यंदाच शिकायला बाहेर गेली ना?" मला माहीत नव्हतं. दोन वर्षं ते माझी भांडी धुताहेत आणि त्यांना मुलगी आहे हेही मला माहीत नव्हतं.

बाबांनी दोनदा विचारलं. "नक्की त्यांच्यामुळंच झालं का?" मी सांगितलं, मुशी बदलल्या आणि फरक पडला, आता आणखी काय पुरावा हवा. ते चहा तसाच टाकून बाहेर गेले.

११ मार्च, सकाळी

बाबा अंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून माझ्यासमोर येऊन बसले. मी डबा भरत होते.

"मी सांगतो ते नीट ऐक. मधे बोलू नको."

मी थांबले.

"मोरचूद मारतो मी त्या झाडाला. चुन्यात कालवून. बाकीच्या झाडांना वर्षातनं दोनदा, तुझ्या झाडाला दर पंधरा दिवसांनी. तू म्हणालीस डाग नको. पेरूवर डाग पडायचे थांबत नाहीत गं नुसतं बघत बसून. पानाच्या पाठीला मारावं लागतं, तिथंच रोग धरतो. वरची बाजू पुसून द्यायचो, तुला स्वच्छ दिसावी म्हणून. त्या दिवशी जेवताना तू तांबं म्हणालीस तेव्हा माझ्या ध्यानात आलं. मोरचूद म्हणजे तांबंच ना?"

मी मान हलवली.

"मग मारायचं बंद केलं, जुनी पानं खुडून टाकली. म्हटलं, आता तिचं नीट होईल, मला बोलायला नको. बारा दिवस झाले. मला वाटलं निस्तरलं. त्या माणसाचं काल तू सांगितलंस."

मला त्यांचा इतका राग आला की डब्याचं झाकण लागेना. नंतर जिन्यात येऊन बसले तेव्हा राग त्यांच्यावर उरलाच नाही. मुशी आणि पानं मी एकाच दिवशी बदलली. पहिल्या वर्षाचा विद्यार्थी असली चूक करत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हे मी स्वतः पोरांना शिकवते. पण पानांचा संशयच आला नाही, कारण ती बाबांनी आणलेली होती. आणि मामांचा लगेच आला.

निळी झाक. मी तिला मेण म्हटलं, पेपरात छापायला दिलं.

१४ मार्च

तीन दिवसांत दोन गोष्टी केल्या. जुन्या मुशी, मामांच्या पद्धतीनं धुतलेल्या, आणि फवारणी बंद केल्यानंतरची डागाळलेली पानं. नव्या मुशी आणि बरणीत नमुना म्हणून वाळवून ठेवलेली जुनी, निळी झाक असलेली पानं. तिसरी बशी तुलनेला, विकतच्या भुकटीची. बशांवर नुसते आकडे टाकले. मामांना घरी जाऊन बोलावून आणलं. दारात उभी राहून माफी मागितली. ते म्हणाले, "आत तरी या." कोणत्या बशीत काय ते त्यांना सांगितलं नाही. पट्टी त्यांच्या हातात दिली.

ते खूप वेळ वाकून बघत होते. "ही नऊ. ही एकवीस. ही... नऊच. पुन्हा बघू का?"

"नको मामा."

जुन्या मुशी नऊ. नव्या मुशी एकवीस. सगळं पानांवर होतं, मुशींवर काहीही नव्हतं.

दुपारी बाईंकडे गेले. फवारणीचं त्यांना अकरा तारखेलाच सांगितलं होतं. त्यांनी पेपर मागे घेण्याचं पत्र आधीच लिहून ठेवलं होतं. त्यात ओळ होती, "नमुन्यांत अज्ञात स्रोतातून तांबं आल्याचं आढळलं."

"पण बाई, स्रोत आता माहीत आहे."

"मला माहीत आहे की तुला माहीत आहे." त्यांनी दार लावून घेतलं. "हे बघ. फवारलेली पानं दोन वर्षं वापरली, कुणी विचारलंही नाही, असं लिहिलंस तर तू संपलीस, आणि थोडी मीही. अज्ञात लिहिलं तर पुढं वर्षभरात नवं काम उभं करता येईल. मी पाठ्यवृत्ती वाढवून मागेन."

"आणि मामा?"

"त्यांचं मी तोंडी बोलते कार्यालयात."

"लेखी माझं गेलंय, बाई. तोंडी कोण ऐकणार?"

त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिलं. मग म्हणाल्या, "उद्या सकाळपर्यंत दे. सही तुझी लागेल." त्या वाईट नाहीत. त्यांनाही दुसरा मार्ग दिसत नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही तो मोहाचा वाटला. कागद पर्समध्ये ठेवताना हायसं वाटत होतं.

१५ मार्च

सकाळी चहाच्या वेळी बाबांनी कागद मागितला. "काय ठरलं ते वाच की." मी वाचून दाखवलं. अज्ञात स्रोत या शब्दांशी आले तेव्हा त्यांनी हात वर केला.

"अज्ञात कशाला? मी घरातच आहे."

"बाबा, बाईंचं म्हणणं असं की..."

"त्या मामांना अज्ञात करून चालेल का? पंधरा वर्षं काम केलंय त्यांनी. अज्ञात म्हटलं की सगळे त्यांच्याकडेच बघणार. तू पण त्यांच्याकडेच बघितलंस."

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरोबर बोलताहेत ते."

"माझा प्रबंध जाईल त्याचं काय?" मी म्हटलं.

बाबांनी मान खाली घातली. "जाईल," म्हणाले. "मी काय करू सांग. झाडाला डाग पडू दिले असते तर बरं झालं असतं."

मी बाईंचं पत्र बाजूला ठेवलं आणि दुसरं लिहायला घेतलं. बाबा समोर बसून होते. मी लिहिलं: "ज्या झाडाची पानं वापरली त्यावर नियमित मोरचुदाची फवारणी होत असे. तांबं तिथूनच आलं. भांडी व्यवस्थित धुतलेली होती. याबाबत मी पूर्वी दिलेलं निवेदन चुकीचं होतं आणि ते मी मागे घेते. पानं माझे वडील आणत. ती डाग नसलेलीच हवीत, असा आग्रह माझा होता. ती तशी कशी राहतात, हे मी दोन वर्षांत त्यांना एकदाही विचारलं नाही."

"वाच," बाबा म्हणाले. वाचलं.

"शेवटचं वाक्य काढ."

"का?"

"त्यात तुझी चूक दिसते."

"म्हणून तर लिहिलंय, बाबा."

ते उठले, चष्मा शोधून आणला आणि कागद हातात घेऊन स्वतः पुन्हा पहिल्यापासून सावकाश वाचला. मग माझ्यापुढे सरकवला आणि सही कुठं करायची ती जागा बोटानं दाखवली.

साडेनऊला एक प्रत बाईंच्या टेबलावर ठेवली. दुसरी कार्यालयात दिली आणि पोचवर शिक्का मारून घेतला.